मशीनच्या पाण्यातलं पांढरं

कॉम्प्युटरवर पाणी सांडलं की लोक बोंबलत माझ्या दुकानात येतात. आणि मी काय करतो? तर काही लोकांच्या कॉम्प्युटरमध्ये स्वतःच्या हाताने पाणी भरतो. आमची ही अजूनही म्हणते, "तुम्ही गिऱ्हाइकांना फसवता तरी, नाहीतर मला तरी." अठ्ठावीस वर्षं डहाणू रोडला दुकान आहे, पण या एका कामाबद्दल मी घरात कुणाला पटवू शकलेलो नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही ते पुरतं कळलंय असं नाही. दिवाळी अंकासाठी "तुमच्या धंद्यातलं काहीतरी लिहा" म्हटल्यावर लोक आपल्या फुशारक्या लिहितात. माझ्या पोतडीत त्याही आहेत. पण लिहायला बसलो की माझ्यासमोर एकच गोष्ट येते, आणि तिच्यात मी काही शहाणा ठरत नाही.

आमचं घर मच्छीमारांचं. बाप तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, म्हणून आडनावही तेच. मला समुद्र लागायचा. बोटीवर चढलो की ओकाऱ्या. बापाने वैतागून मला बोटीवरचा वायरलेस दुरुस्त करणाऱ्याच्या हाताखाली बसवलं. वायरलेसवरून टीव्ही, टीव्हीवरून कॉम्प्युटर, असा मी हळूहळू कोरड्या जमिनीवर आलो. आणि पन्नाशी उलटल्यावर बघतो तर काय, पुन्हा पाण्यात!

आता हे पाण्याचं प्रकरण काय ते आधी सांगतो. कॉम्प्युटरचा जो मेंदू असतो, तो जोरात काम करायला लागला की तापतो. साध्या मशीनमध्ये त्याच्यावर पंखा असतो. पण ज्यांचं काम फार अवजड, सिनेमे कापणं, चित्रं हलवणं, त्यांना पंखा पुरत नाही. मग मेंदूवर तांब्याचा एक ठोकळा बसवतात. ठोकळ्याच्या पोटात केसाएवढ्या बारीक चरी असतात. त्यातून पाणी खेळवायचं, ते गरम होऊन पुढे रेडिएटरमध्ये जातं, गाडीला असतो तसाच पण लहान, तिथे थंड होतं, टाकीत येतं, पंप पुन्हा ढकलतो. लिटर-दीड लिटर पाणी, तेच ते, गोल गोल फिरत राहतं. ताप आलेल्या पोराच्या कपाळावर आई ओली पट्टी ठेवते, तेवढंच हे काम आहे. फक्त पट्टीचं पाणी विजेच्या अंगावर पडता कामा नये.

आणि हे पाणी सांभाळावं लागतं. सहा-आठ महिन्यांनी काढायचं, आतून धुवायचं, नवीन भरायचं. नळाचं चालत नाही, बोअरचं तर नाहीच नाही, बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी लागतं. भरल्यावर बाकीचं मशीन बंद ठेवून एकटा पंप चालवायचा. आत अडकलेली हवा बाहेर यावी म्हणून अख्खी पेटी उचलून सुपात तांदूळ पाखडावेत तशी इकडे-तिकडे झुकवायची. प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर अंथरायचा आणि दिवसभर थांबायचं. कागद कोरडा राहिला तरच मशीन सुरू. हे काम डहाणू-तलासरीत करणारा मी एकटाच. चार मशिनं आहेत एकूण. राजा म्हणा हवं तर, चार गावांचा.

त्यातलं एक हसमुखभाईंचं. तलासरीला त्यांचा फोटो स्टुडिओ आहे, लग्नाचे व्हिडिओ करतात. त्यांना मशीनच्या तब्येतीशी काही देणंघेणं नाही, पाण्याच्या रंगाशी आहे. पेटीला काच आहे, नळ्या पारदर्शक आहेत, आत दिवे लागतात आणि गिऱ्हाईक बघत राहतं. "तांडेलभाई, नवरात्री आवी गई. पाणी केसरी करा ने!" लग्नसराईत गुलाबी. एकदा त्यांनी मला विचारलं होतं की निम्म्या नळीत हिरवं आणि निम्म्या नळीत पिवळं होईल का. मी म्हटलं, "भाई, हे सरबताचं दुकान नाही." तर म्हणाले, "गिऱ्हाईक सरबतानेच येतं."

दुसरं मशीन गंजाडच्या सुनीताचं. ज्याच्याबद्दल सांगायचंय ते हेच.

सुनीता मुंबईत एका स्टुडिओत चित्रं हलवायचं काम करायची. कार्टूनच म्हणा. तो स्टुडिओ बंद झाला तेव्हा तिने तिथलं एक जुनं मशीन स्वस्तात उचललं आणि गावी, आईकडे आली. घराला एक पक्की खोली काढली, तिथे मशीन. तिला तिच्या नावावरचं पहिलं काम मिळालं होतं, मुलांसाठी आठ मिनिटांची फिल्म. गोष्ट तिच्या आईचीच. धान्याच्या कणगीत शिरलेल्या एका उंदराची, लहानपणी आई सांगायची ती. उंदराचा आवाजही आईच काढत होती. मला सुनीताने थोडासा ऐकवला होता. साठीची बाई, आणि असा चिरका, आगाऊ आवाज की मी हातातला स्क्रू ड्रायव्हर ठेवून हसत बसलो. दसऱ्याच्या आत फिल्म द्यायची होती. "काका, हे जमलं तर मी इथेच राहीन," सुनीता म्हणाली. "नाही जमलं तर पुन्हा विरारची खोली आणि दुसऱ्याची कार्टूनं."

पहिल्यांदा गेलो तेव्हा मशीनमधलं निळं पाणी शेवाळलेलं होतं. सगळं काढलं. तांब्याचा ठोकळा उघडला तर कडेला हिरवट डाग. गंज. माझ्यातला तांडेल जागा झाला तो तिथे.

आमच्या बोटींच्या खाली, पाण्यात फिरणाऱ्या पंख्याजवळ, जस्ताची वडी ठोकतात. खाऱ्या पाण्यात धातूला धातू लागला की एक दुसऱ्याला खातो. जस्त सगळ्यात आधी स्वतःला खाऊ घालतं आणि पंखा वाचतो. वडी झिजली की नवी ठोकायची. मला वाटलं, वा! इथेही पाणी, इथेही तांबं, इथेही गंज. घरून जस्ताचा एक तुकडा आणला, नायलॉनच्या दोऱ्याला बांधला आणि मशीनच्या टाकीत सोडला. वर बॅटरीचं स्वच्छ पाणी. कंपनीच्या कुठल्या पुस्तकात हे लिहिलेलं नाही याचा मला उलट गर्वच झाला. हसमुखभाईंनाही एक तुकडा टाकला. दोन पिढ्यांचं शहाणपण फुकटात वाटत होतो मी.

दीड-दोन महिन्यांनी सुनीताचा फोन. मशीन तापतंय, आपोआप बंद पडतंय, काढलेलं चित्र पक्कं करायला लावलं की अर्ध्यात मरतं. गेलो. ठोकळा उघडला. केसाएवढ्या चरींमध्ये पांढरं काहीतरी बसलेलं. बोटाला लागलं की बुळबुळीत. अगदी भिजवलेल्या तांदळाच्या पिठासारखं.

मी मान वर केली. मशीनच्या पेटीवर बाहेरून पांढरे ठसे. मुठीचे, बोटांचे. तांदळाच्या पिठाचे.

ते आईने लावले होते. भात घरात आलं की कणगीवर लावतात तसे. पोरीचं धान्य त्या पेटीत आहे हे तिला ठाऊक होतं. ती दारातच उभी होती, हातातलं काम तसंच टाकून आलेली. ती वारलीत बोलते. मला कळतं सगळं, इथे माझ्या मराठीत लिहितो.

मी तिला म्हणालो, आणि हे लिहिताना आजही कानशिलं गरम होतात, "बाई, ही काय कणगी आहे का पीठ फासायला? आत गेलंय ते. पोरीचं मशीन घालवलंत तुम्ही."

ती म्हणाली, "मी बाहेरनं लावलं. आत नाय."

"मग आत काय आपोआप उगवलं?"

तिने पुन्हा तेच सांगितलं, हळू आवाजात. मी टाकीत बघत होतो. जस्ताच्या तुकड्यावरही पांढरा थर होता. मला वाटलं, बघा, पीठ इथेही चिकटलंय. मी तो तुकडा कौतुकाने पुसला. झिजलेला दिसला, म्हणून तो काढून त्याच्याहून मोठा बांधला. हसू नका. मी पुरावा हातात धरून, पुसून, त्याला मोठा भाऊ आणून दिला.

सुनीता आईकडे वळली. तिच्यावर दसऱ्याचं दडपण होतं, समजू शकतो. पण ती जे बोलली ते माझ्या तोंडून आलेलं होतं. "आये, तू आता या खोलीत यायचं नाही." दुसऱ्या दिवशी तिने दाराला कुलूप लावलं. पेटीवरचे ठसे ओल्या फडक्याने मीच पुसले, आणि कापूस लावून कोपरेसुद्धा.

गणपतीत पुन्हा फोन. पुन्हा तेच.

मी जाऊन उघडलं तर पांढरं, आधीपेक्षा जास्त. खोलीला कुलूप. आई महिनाभर उंबऱ्याच्या आत आलेली नाही, चहासुद्धा बाहेर ओट्यावर ठेवून जाते. मी बॅटरीच्या पाण्यावर संशय घेतला, दुकान बदललं. भिंतीच्या चुन्यावर घेतला. पालीवर घेतला. पंपाच्या रबरावर घेतला. एकदा तर रेडिएटर कानाशी हलवून बघितला, नारळ बघतात तसा, कशासाठी ते मलाच माहीत नाही. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. आणि मग मी सगळ्यात वाईट गोष्ट केली. सुनीताला विचारलं, "कुलपाची दुसरी किल्ली आईकडे आहे का?"

तिने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "काका, आईने उंदीर सोडला."

मला अर्थच लागेना.

"आवाज देत नाही ती. निम्मी गोष्ट झालीय, निम्मी राहिलीय. मी चार वेळा विनवलं. म्हणते, त्या खोलीत मला नाय यायचं, मी आले की मशीन बिघडतं. दुसऱ्या कुणाचा आवाज घेऊन बघितला. तो उंदीर वाटतच नाही, कुणीतरी बाई वाटते."

मी चरी सुईने साफ केल्या, पाणी भरलं, पेटी पाखडली, टिश्यू अंथरला. टिश्यू कोरडा राहिला. तेवढंच एक माझ्या हातून नीट झालं. दसऱ्याला महिनाही उरला नव्हता.

मग हसमुखभाईंचं नवरात्रीचं बोलावणं आलं. केसरी पाणी. मी तलासरीला गेलो, टाकीचं झाकण काढलं आणि तसाच उभा राहिलो. तिथेही पांढरं.

मी चक्रावलो. एसी लावलेली बंद खोली. मी विचारलं, "भाई, इथे कोणी तांदळाचं पीठ वगैरे आणतं का?"

"हूं इथे ढोकळा करतो काय?" हसमुखभाई म्हणाले. "सवारपासून पाणी पण प्यायलो नाय मी, आणि तुम्ही पीठ विचारता!"

मी दोरा ओढला. वर आला तो दोरा, गाठ, आणि गाठीत चण्याएवढा खडबडीत तुकडा. मी टाकला तेव्हा तो सुपारीएवढा होता.

तरी मन मानेना. माणसाची खोड असते ना, स्वतःचं नाव यादीत सगळ्यात शेवटी घालायची. स्टुडिओत औषधांच्या डब्यात आयोडीनची बाटली होती, कापलं-खरचटलं तर लावायची. पिठावर आयोडीन टाकलं की ते निळं-काळं होतं, हे शाळेत मास्तरांनी बटाट्यावर करून दाखवलं होतं. मी ते पांढरं बशीत घेतलं, थेंब टाकला. थेंब तपकिरीच राहिला. पुन्हा टाकला. तपकिरी. हसमुखभाई म्हणाले, "तांडेलभाई, एला तुम्ही औषध देता की चौकशी करता?"

पीठ नव्हतं. जस्त होतं. समुद्रात जस्त झिजतं तेव्हा झिजलेलं सगळं समुद्र घेऊन जातो, त्याला काय कमी पाणी आहे? इथे दीड लिटर. झिजलेलं जाणार कुठे? गोल फिरून चरीत बसणार. जेवढा मोठा तुकडा, तेवढं जास्त पांढरं. बापाची वडी बापाच्या समुद्रात बरोबर होती. मी ती उचलून बाटलीत घातली होती.

तोंडात मारल्यासारखं झालं. हसमुखभाईंचं पाणी केसरी केलं की नाही तेही नीट आठवत नाही. केलं असणार, कारण नंतर तक्रार आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गंजाडला निघालो. आता कबूल करायचंच तर सगळं करतो. वाटेतल्या आशागडपर्यंत माझा बेत वेगळा होता. जायचं, जस्त गुपचूप खिशात टाकायचं, आतून धुवायचं, नवं पाणी भरायचं, आणि म्हणायचं, "पंपाचा दोष होता, काढला." कुणाला कळणार होतं? माझं दुकान, माझं नाव, चार मशिनांचं राज्य, सगळं शाबूत राहिलं असतं. आशागडला चहा प्यायला थांबलो. चहावाल्याने कप पुढे केला आणि मला ओट्यावरचा तो कप आठवला, आई बाहेर ठेवून जायची तो. मी पोरीचं मशीन दुरुस्त करून जाईन, पण दाराचं कुलूप कोण काढणार? मशीन सुधारलं तर उलट पक्कं होणार की आई बाहेर राहिली म्हणून सुधारलं.

चहा अर्धा टाकून उठलो.

सुनीता खोलीतच होती. मी टाकीतून तुकडा काढला, नवाही झिजून निम्मा झाला होता, आणि तिच्यासमोर धरला. सगळं सांगितलं. बोटी, वडी, बाप, आयोडीन. मी म्हटलं, "शिव्या दे हवं तर." ती म्हणाली, "मला नका सांगू. तिला सांगा."

आई अंगणात होती. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "ते पांढरं तुमचं नव्हतं. माझं होतं. मी वाईट बोललो."

"मी सांगितलं होतं तुला," ती म्हणाली. "दोनदा सांगितलं. तू पाण्यात बघत होतास."

मी मान खाली घातली. तिने हात पुढे केला. मी तुकडा तिच्या तळव्यावर ठेवला. तिने तो उलटसुलट करून बघितला, नखाने पांढरं खरवडलं, वास घेतला.

"हे कशाला टाकलं होतंस?"

"मशीन सांभाळायला."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. आमच्यात करतात. बोटीला."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता खरी खरडपट्टी निघणार. तिने तो तुकडा माझ्या हातात परत ठेवला.

"मी पण त्याच्यासाठीच लावते," ती म्हणाली. "पण मी बाहेरनं लावते."

मग ती घरात गेली. वाटीत पीठ कालवल्याचा आवाज आला. सुनीता दारातून बाजूला झाली. मी आत मशीन धुवायला बसलो होतो, तर माझ्या खांद्यावरून एक हात आला आणि पेटीवर मुठीचा ओला ठसा उमटला. मी पाणी भरेपर्यंत, पंप चालवेपर्यंत, टिश्यू अंथरेपर्यंत ती तिथेच, माझ्या शेजारी जमिनीवर बसून होती. दिवसभर थांबायचंच होतं.

दुपारी कधीतरी सुनीताने मोबाइलला जोडलेला माइक आईपुढे ठेवला. पंपाचा आवाज येईल म्हणून मला पंप बंद करायला लावला. मी केला, आणि मग त्या शांत खोलीत माझ्या कानाशी तो चिरका, आगाऊ आवाज म्हणाला, "ए, कणगीत कोन हाय रे?"